दुभाष्याची भर

दुभाष्याच्या धंद्याचे नियम दोनच. समोरचा माणूस 'मी' म्हणाला, तर आपणही 'मी'च म्हणायचं. 'यांना भूक लागली आहे असं हे म्हणतात' असं नव्हे, 'मला भूक लागली आहे'. आणि आपल्या पदरचं काही घालायचं नाही. पहिला नियम मी सव्वीस वर्षं पाळला. त्यापायी वेरूळच्या पायऱ्यांवर मी रोज दहादा दमलो, तीनदा माझा पासपोर्ट हरवला, एकदा मी सात महिन्यांची गरोदर होते आणि एकदा विधवा झाले. दुसरा नियम मी एकदाच मोडला.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी पत्रात लिहिलं आहे, 'परदेशी पाहुण्यांच्या गमतीजमती येऊ द्या.' गमती आहेत, त्या आधी सांगतो. लिहायला उशीर झाला, कारण एक परिच्छेद लिहून झाला की मी तो वाचून दाखवायला स्वयंपाकघराकडे वळतो, आणि दारापाशी गेल्यावर आठवतं. सुशीला, माझी पत्नी, गेल्या चैत्रात गेली.

माझा जन्म निजामाच्या अमलातला. चौथीपर्यंत मी उर्दूतून शिकलो. पोलिस ॲक्शननंतर शाळा पुन्हा उघडली, तेव्हा मास्तर तेच होते, छडीही तीच होती, फक्त उर्दूतल्या पहाड्यांचे मराठी पाढे झाले होते. घराचा उंबरठा न ओलांडता मुलूख बदलतो, हे मला वयाच्या नवव्या वर्षी कळलं. पुढे इंग्रजी आली, आणि नोकरीच्या शोधात हैदराबादला असताना संध्याकाळच्या वर्गात रशियन. रशियनच का, तर वेरूळ-अजिंठ्याला इंग्रजी बोलणारे गाईड पुष्कळ होते, रशियन बोलणारा एकही नव्हता. रिकामी जागा पाहून भाषा निवडली. ठरवून केलेल्या लग्नात होतं तसंच पुढे झालं, जीव जडला.

भाषा शिकणारी माणसं सहसा व्याकरणापाशी थांबतात. मी मागे मागे गेलो. ग्रंथालयात जुनी इंग्रजी पुस्तकं होती, त्यांतून कळलं की दीड हजार वर्षांपूर्वी कार्पेथियन डोंगर आणि द्नीपर नदी यांच्यामधल्या दलदलीच्या, जंगलांच्या मुलखात कुठेतरी ही स्लाव माणसं राहत होती. मोठा राजा नाही, नाणं नाही, लिपी नाही. बाजरी पेरायची, मध गोळा करायचा आणि एकच बोली बोलायची. मग ती पांगली. पूर्वेला गेली त्यांचे रशियन, युक्रेनी, बेलारूसी झाले, पश्चिमेला गेली त्यांचे पोलिश आणि चेक, दक्षिणेला गेली त्यांचे सर्ब आणि बल्गेरियन. दोन भावांनी त्यांच्या बोलीसाठी अक्षरं बनवली, तोवर नववं शतक उजाडलं होतं. त्यांचा पेरून नावाचा देव होता, गडगडाटाचा आणि विजेचा, वेलेस गुराढोरांचा. हजार वर्षांपूर्वी किएवच्या राजानं धर्म बदलला तेव्हा पेरूनची लाकडी मूर्ती घोड्याच्या शेपटीला बांधून फरफटत नदीत टाकली, आणि साऱ्या शहराला त्याच नदीत उतरवून ख्रिस्ती केलं.

आणि शब्द! आपला अग्नी तो त्यांचा 'आगोन'. धूम तो 'दिम'. मधु तो 'म्योद'. जीव, जिवंत, ते 'झिवोय'. विधवा ती 'व्दवा'. पहिल्यांदा ही यादी जुळली तेव्हा मी ग्रंथालयातून पळत घरी आलो होतो. सुशीला पोळ्या करत होती. तिनं सगळी यादी ऐकून घेतली आणि म्हणाली, "म्हणजे लांबचे नातेवाईक. मग एवढे दिवस आले कसे नाहीत?"

ते यायचे. हिवाळ्यात सोव्हिएत पर्यटकांचे तीसतीसचे गट यायचे, आणि मी त्यांना त्यांच्या पूर्वजांविषयी सांगायला जायचो. एकालाही त्यात रस नव्हता. कैलास लेण्यासमोर मी 'आगोन' आणि 'अग्नी' जुळवून दाखवत असताना ते छत्री, चहाची पत्ती आणि हिमरू शाल कुठे मिळते ते विचारायचे. आमच्या मोटारीचा चालक सलीमभाई, जन्म पडेगावचा, जुन्या ॲम्बॅसिडरला पाठ टेकून हे सगळं पाहायचा. "मास्टर," तो म्हणायचा, "कायकू उनके बाप-दादा को नींद से उठा रे आप? उनको भूक लगी है. आप अब्बी हजार साल पीछेच हैं."

हिवाळा संपला की मी कारखान्यांत दुभाष्याचं काम करायचो. चितेगावच्या एका कारखान्यात चेक यंत्रं बसवायला एक इंजिनिअर आला होता. मी त्याचं रशियनमध्ये स्वागत केलं. तो अतिशय शुद्ध, घोटलेल्या रशियनमध्ये म्हणाला, "मला रशियन येत नाही." मी म्हटलं, तुम्ही तर उत्तम बोलता. तो म्हणाला, "आठ वर्षं शाळेत सक्तीनं शिकवली. येत नाही." व्यवस्थापक अधीर झाले होते, "काय म्हणतायत?" नियमानुसार मी सांगितलं, "मला रशियन येत नाही." ते घाबरले, "मग तुम्ही आलात कशाला?"

त्या चेक माणसाचा मला राग आला नाही. माझे वडील जिल्हा कचेरीत कारकून होते, त्यांचं उर्दू अक्षर मोत्यासारखं होतं. पोलिस ॲक्शननंतर कुणी उर्दू कागद घेऊन आलं की तेही म्हणत, "मला येत नाही बुवा." पुस्तकातल्या नकाशावर स्लाव भाषांचं एकच झाड काढलेलं असतं. फांद्या एकमेकींशी बोलतात की नाही, ते नकाशात नसतं.

दुसरा एक बल्गेरियन शेतीतज्ज्ञ. त्याला घेऊन मी पिशोरला गेलो होतो, मक्याचं बियाणं दाखवायला. बल्गेरियन माणूस 'हो' म्हणताना मान आडवी हलवतो आणि 'नाही' म्हणताना खाली-वर, हे मला वाचून माहीत होतं. शेतकरी होते आसाराम पाटील.

"लई पाणी लागतं का ह्याला, इचारा."

मी विचारलं. पाहुण्यानं मान आडवी हलवली. मी 'हो, लागतं' असं सांगायला तोंड उघडलं, तोवर पाटील स्वतःच मान आडवी डोलावून म्हणाले, "व्हय, मला वाटलंच." पुढचा अर्धा तास दोघं एकमेकांसमोर माना डोलावत राहिले आणि सगळं ठरलं. मी बांधावर उभा राहून ऊन खाल्लं. जाताना पाटील म्हणाले, "साहेब, तुमी उगाच तरास घेतला."

आता दुसरा नियम मोडल्याची गोष्ट.

चाळीसएक वर्षांपूर्वीच्या एका फेब्रुवारीत मध्य रशियातल्या ओका नदीच्या काठच्या एका छोट्या गावातून गट आला होता. त्यात निकोलाय स्तेपानोविच म्हणून निवृत्त रेल्वे मेकॅनिक होते, मोठ्या हातांचे, हळू चालणारे. बरोबर पत्नी अंतोनिना पाव्लोव्ना, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं, हे मी सांगितलं. बाकीच्यांनी फोटो काढले. निकोलाय खाली वाकून दगड पाहत राहिले आणि म्हणाले, "एवढा मलबा निघाला असेल. तो टाकला कुठे?"

पंधरा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मला उत्तर माहीत नव्हतं. उत्तर नसल्यानं मी त्यांना ओकाकाठच्या त्यांच्या पूर्वजांबद्दल सांगू लागलो. त्या भागात पूर्वी व्यातिची नावाची स्लाव टोळी राहत होती. त्यांनी ऐकून घेतलं. "आमचे पूर्वज बटाटे लावायचे," ते म्हणाले. "त्याआधीचं आम्हाला कुणी सांगितलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या टेबलावर ते चहाचा कप खाली ठेवता ठेवता गेले.

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी, सलीमभाई, अंतोनिना आणि त्यांच्या गटाचा प्रमुख असे होतो. दिल्लीतल्या त्यांच्या वकिलातीला ट्रंक कॉल लागला. मृतदेह पाठवायला बरेच दिवस लागतील, पत्नीची हरकत नसेल तर अंत्यसंस्कार तिथेच करा, असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गटाचं दिल्लीचं विमान होतं. प्रमुख सारखा घड्याळाकडे पाहत होता. त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत मरणाला जागा नव्हती.

नोंदणीच्या खिडकीवरच्या कारकुनानं विचारलं, "मयताचा धर्म?"

मी भाषांतर केलं. अंतोनिनानं प्रमुखाकडे पाहिलं. प्रमुखानं खिडकीबाहेर पाहिलं; त्यांच्या देशात धर्म उघड सांगायची सोय नव्हती. ती हळूच म्हणाली, "तो रेल्वेत होता."

"माझे यजमान रेल्वेत होते," मी म्हणालो.

"रेल्वेत काय धर्म नसतो का? दहन लिहू का दफन? एक काहीतरी सांगा, मागं रांग हाय."

आम्ही शहरातल्या एका ख्रिस्ती कब्रस्तानाच्या व्यवस्थापकांकडे गेलो. भला माणूस. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "यांचा बाप्तिस्मा झाला होता, एवढी एक ओळ कुणी लिहून द्या. नाहीतर उद्या सकाळपर्यंत थांबा. मी वरिष्ठांना विचारतो, ते नाही म्हणणार नाहीत." लिहून द्यायची गोष्ट काढताच प्रमुखाचा चेहरा दगडी झाला. तो म्हणाला, आजच काय ते ठरवा.

तेव्हा अंतोनिना माझ्याकडे वळली. "तुम्ही शिकलेले आहात," ती म्हणाली. "काय केलं तर बरोबर होईल?"

वाचकहो, पंधरा वर्षं मी वाट पाहत होतो, की ओकाच्या काठावरून एखादं माणूस येईल आणि मला विचारेल. ते आलं होतं आणि विचारत होतं. दुभाष्यानं म्हणायला हवं होतं, 'मला माहीत नाही, आपण उद्यापर्यंत थांबू.' मी तिला सांगितलं, की ख्रिस्ती होण्यापूर्वी स्लाव लोक आपली माणसं जाळत. एका जुन्या मठातल्या भिक्षूनं लिहूनच ठेवलं आहे : व्यातिची, म्हणजे तुमच्याच ओकाकाठचे लोक, मोठी चिता रचत, मग अस्थी एका लहानशा मडक्यात भरत आणि ते मडकं वाटेच्या कडेला खांबावर ठेवत. आमच्याकडेही जवळपास असंच करतात, मी म्हणालो. हे परकं नाही. हे तुमचंच आहे, आमच्यापेक्षाही जुनं.

एक गोष्ट मी सांगितली नाही. त्या भिक्षूनं हे सगळं त्या टोळ्या किती रानटी होत्या, हे दाखवायला लिहिलं होतं.

"खरंच?" ती म्हणाली. "आमच्याकडे?"

"तुमच्याकडेच."

"मग ठीक आहे."

सलीमभाई दाराशी उभा होता. "मास्टर, क्या बोली उनो?"

"हो म्हणाल्या."

"वो नै पूछ रा मैं. आप क्या बोले उनको?"

मी गाडीचं दार उघडलं. तो म्हणाला, "मिट्टी मांगती दिख रई मेरेकू तो. कल तक रुक जाते. कौन सा आसमान गिर रा था?"

सूर्य मावळायच्या आत दहन झालं. गटातली माणसं टोप्या काढून ओळीनं उभी राहिली. अग्नी दिल्यावर अंतोनिना खाली वाकली आणि तिनं मूठभर माती उचलली. त्यांच्याकडे खड्ड्यात माती टाकायची रीत आहे. ती मूठ घेऊन पुढे गेली, थबकली, इकडे तिकडे पाहिलं. टाकायला खड्डा नव्हता. तिनं रुमालाचं टोक सोडलं, त्यात ती माती बांधली आणि परत येऊन ओळीत उभी राहिली. मी हे पाहिलं. तेव्हा मी मनात 'आगोन, अग्नी' असं म्हणत होतो.

गट सकाळी निघून गेला. अस्थी नेण्याचे कागद दिल्लीहून यायला आठ-दहा दिवस लागणार होते, तोवर अंतोनिनाला राहण्याची परवानगी मिळाली. सुशीलानं पहिल्याच वाक्यात निकाल लावला. "हॉटेलात एकटी? भलतंच. घरी आणा त्यांना."

त्यांना आणायला निघालो तेव्हा गाडीत सलीमभाई समोर पाहूनच बोलला. "कब्रस्तान के साब का आदमी आया था सुबू. बोला, ऊपर से हौ हो गई, जगा है, आजाओ." ही गोष्ट त्यानं पुन्हा कधी काढली नाही. थट्टा करणारा माणूस थट्टा करायचं टाळतो, तेव्हा काय ते समजतं.

स्मशानातल्या किसननं, तेव्हा तो पंचविशीचा असेल, अस्थींचं मडकं फडक्यात बांधून कडुलिंबाला टांगलं. "सर, वर नाव घाला. नाय तर अदलाबदल हुती," तो म्हणाला. मी रशियन अक्षरांत नाव लिहिलं. आजूबाजूला आणखी चार-पाच मडकी वाऱ्यावर हलत होती. वाटेच्या कडेला, उंचावर, लहानशी मडकी! खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला होता. मी अंतोनिनाला म्हणालो, "पाहिलंत? अगदी तसंच."

तिनं मडक्याखालची जमीन पाहिली. मग तिनं विचारलं, "मी बसू कुठे?"

मला कळलं नाही. तिनं समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. त्यांच्या गावात कबरीपाशी एक छोटं बाक असतं, जमलं तर छोटं टेबल. नवव्या दिवशी, चाळिसाव्या दिवशी, मग दर वसंतात तिथे जायचं. शिजवलेल्या गव्हात मध घालून न्यायचा. बसायचं, आपण खायचं, थोडं त्याला ठेवायचं. गावातली बातमी सांगायची. निकोलायनं तिच्या वडिलांच्या कबरीपाशी स्वतः बाक करून बसवलं होतं. "तो म्हणायचा, आपल्यासाठीही त्याच लाकडाचं करीन."

मी वाचलेल्या पुस्तकांत मडक्यांचे फोटो होते, खापरांची मापं होती. बाकाविषयी कुठेच काही नव्हतं.

घरी आल्यावर सुशीलाला मी सगळं सांगितलं. कब्रस्तानाचा निरोपसुद्धा. ती गहू निवडत होती. सूप खाली ठेवून तिनं एकच विचारलं, "अहो, तुम्ही त्यांना विचारलंत, की सांगितलंत?"

"त्यांनीच मला विचारलं."

"असं," ती म्हणाली, आणि सूप पुन्हा उचललं.

त्या आठ दिवसांत दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि कुणाचं काही अडलं नाही. सुशीला तिला अंतूताई म्हणायची. अंतूताई आमच्या अंगणात बसून लसूण सोलायची, सुशीलाच्या केसांना तेल लावायची आणि मधूनच रडायची. सुशीला रडू द्यायची. मी मध्ये जाऊन काही समजावू लागलो की सुशीला म्हणायची, "तुम्ही पेपर वाचा."

नवव्या दिवशी सुशीलानं पहाटे उठून गव्हाची खीर केली. अंतोनिनानं हात दाखवून सांगितलं, दूध नको, तेव्हा दूध घातलं नाही; गुळाऐवजी मध घातला. मग सुशीलानं देवघरातले दोन पाट काढले आणि काखेत मारले.

शेजारच्या काकूंनी कुंपणावरून हटकलं. "सुशीलाबाई, बायका तिकडं जात नसतात."

"मी कुठं तिकडं चाललेय? मी ताईंच्या यजमानांकडे चाललेय. पाहुणी म्हणून."

कडुलिंबाखाली, बरोबर त्या मडक्याच्या खाली, तिनं समोरासमोर पाट मांडले. किसन धावत आला. "अवो बाई, हितं कुनी बसत नसतं!"

"आज बसतील. तूही ये, वाटी घे."

तो भांबावून माझ्याकडे पाहू लागला. मग त्यानं वाटी घेतली. अंतोनिनानं एक चमचा खीर मुळाशी ठेवली. मग किसनला मडकं खाली काढायला लावलं, रुमालाची गाठ सोडली आणि ती नऊ दिवस जपलेली मूठभर माती मडक्यात घातली. नंतर त्या दोघी बोलत बसल्या. अंतोनिना रशियनमध्ये मडक्याला गावातलं काहीतरी सांगत होती, बर्फाचं, शेजाऱ्याच्या गाईचं. ती थांबली की सुशीला मराठीत बोलायची, लेण्यातल्या मलब्याचं काय झालं असेल त्याविषयीचे आपले अंदाज. चांगला तासभर. मला कुणी भाषांतर करायला सांगितलं नाही. मी सलीमभाईच्या गाडीजवळ उभा होतो. तो म्हणाला, "आज आपकू छुट्टी."

सुशीलाच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं मडकं मांडीवर घेऊन अंतोनिना दिल्लीला गेली.

वर्षानं तिचं पत्र आलं. मी सुशीलाला वाचून दाखवलं. मडकं तिनं गावच्या दफनभूमीत पुरलं होतं. बाक तयार होतं, मेव्हण्यानं केलं होतं, निळा रंग दिला होता. लुगड्याचा तिनं उशीला अभ्रा शिवला होता. सुशीलाला नमस्कार होते, तीनदा. सुशीला चष्मा पुसत म्हणाली, "एवढंच? कागदावर तर बरंच दिसतंय."

"बाकी हवापाणी आहे."

"रशियाचं हवापाणी लांबलचक दिसतंय," ती म्हणाली आणि उठून गेली.

मधल्या सहा ओळी मी गाळल्या होत्या. सव्वीस वर्षांत मी एकदा पदरचं घातलं आणि एकदा पदरात ठेवून घेतलं, दोन्ही त्या एकाच बाईचं. त्यानंतर कैलास लेण्यासमोर मी पर्यटकांना फक्त विचारलेलं सांगू लागलो. 'आगोन' आणि 'अग्नी' बंद झालं. पर्यटकांना फरक कळला नाही. सलीमभाईला कळला. एकदा तो म्हणालाही, "मास्टर, आजकल आप बहोत जल्दी खतम करते." पुढे सोव्हिएत देश मोडला, गट यायचे थांबले, मी निवृत्त झालो, सलीमभाई गेला. शहराचंही नाव बदललं. आठ वर्षांची भाषा 'येत नाही' म्हणणारा तो चेक इंजिनिअर मला अधूनमधून आठवतो.

चैत्रात सुशीला गेली तेव्हा आमचा मुलगा अभय पुण्याहून आला. तिसऱ्या दिवशी अस्थी सावडल्या. तो म्हणाला, "बाबा, लगेच पैठणला जाऊन विसर्जन करून टाकू."

"दहाव्याला जाऊ," मी म्हणालो. "तोवर मडकं झाडाला राहू दे."

"का पण?"

"नववा दिवस होऊ दे."

त्यानं वाद घातला नाही, हे त्याच्या आईचं.

नवव्या दिवशी सकाळी मी गव्हाची खीर केली. गहू भिजत घालायचे असतात हे मला माहीत नव्हतं. सुशीलानं सांगितलं असेलही, मी पेपर वाचत असेन. डबा, घडीची खुर्ची आणि एक जुना लिफाफा घेऊन मी रिक्षानं गेलो. कडुलिंब आता खूप मोठा झाला आहे, पलीकडे रस्ता रुंद झाला आहे. किसनचे केस पिकले आहेत. कामाला मुलगा आहे, पण तो रोज येऊन बसतो. त्यानं मला ओळखलं.

"सर, पाट नाय आनला?"

"गुडघे वाकत नाहीत."

त्यानं स्वतः खुर्ची उलगडून मडक्याखाली ठेवली. मी एक चमचा मुळाशी ठेवला, एक वाटी त्याला दिली. मग लिफाफा उघडला आणि गाळलेल्या सहा ओळी मराठीत वाचल्या. धंद्याच्या नियमानं, 'मी' म्हणून.

"सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. म्हणतात, माझ्या लेकाला तू जाळून आणलंस, शेवटच्या दिवशी सगळे मेलेले कबरीतून उठतील तेव्हा तो कशानं उठणार? मी त्यांना सांगते, तिथे एक शिकलेला माणूस होता, तो म्हणाला आपल्याकडे पूर्वी असंच करत. त्या विचारतात, त्याला कुणी विचारलं होतं? मी म्हणते, मी विचारलं होतं. हे तुमच्या मिस्टरांना सांगा, की मी विचारलं होतं. त्यांनी मनाला लावून घेऊ नये."

वाचत असताना रस्त्यावरून एक ट्रक गेला होता. किसन वाटी हातात धरून बसला होता.

"कुनी लिवलंय म्हनायचं?"

"त्या बाईंनी. मडकं घेऊन गेल्या त्या."

"आन् आपल्या बाईंना ह्ये म्हाईत नव्हतं?"

"नाही. मी वाचलं नव्हतं."

त्यानं वाटी खाली ठेवली आणि वर झाडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मंग परत वाचा, सर. मधी टरक गेला. वरपर्यंत आलं नसंल."

मी खुर्ची थोडी पुढे ओढली आणि ते पत्र पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.